मांजराविरुद्धचा पुरावा

सकाळी साडेसहाला मी शिंकायला लागतो. एक नाही, दोन नाही. सतरा, अठरा, कधी एकवीस. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्या शिंका ऐकून दूध तापवायला ठेवतात. हे त्यांनीच मला लिफ्टमध्ये सांगितलं आणि वर "परवा उशीर झाला तुम्हाला," असंही सुनावलं. कोथरूडमध्ये शेजारधर्म असा पाळतात.

अकरा वर्षं मी हे प्रकरण एका बारक्या पांढऱ्या गोळीवर निभावलं; रोज नाही, शिंका अगदीच अनावर झाल्या की एक. सोसायटीच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. मी पायरी चढलो की दुकानदार न विचारता गोळ्यांची पट्टी काढून ठेवायचा. मध्ये डॉक्टर असा कुणी नव्हताच, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शिंका हा काही आजार नव्हे, असं माझं मत होतं. ते मत दोन वर्षांपूर्वी बदललं, कारण आमच्या घरात मांजर आलं.

मुलीचं लग्न झालं, ती बंगळुरूला गेली, आणि त्याच महिन्यात पार्किंगमधलं एक भुरं मांजर जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आलं. बायकोने त्याला बशीत दूध दिलं. दुसऱ्या दिवशी ते दाराशी बसलेलं होतं, आठवड्याने सोफ्यावर, आणि महिन्याभरात माझ्या खुर्चीत. बायको त्याला बाईसाहेब म्हणते. "बाईसाहेब, आपण जेवलात का? आज आपली तब्येत ठीक दिसत नाही." इतक्या अदबीने आमच्या घरात कुणी माझी चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

मी बायकोला सांगितलं की माझ्या शिंकांचं मूळ हे मांजर आहे. ती म्हणाली, मांजर येऊन दोन वर्षं झाली, शिंका अकरा वर्षांच्या आहेत. मी म्हटलं, आधीच्या शिंका वेगळ्या होत्या. ती यावर काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला नेहमीच संमतीसारखं वाटत आलं आहे.

पण मी पुराव्याशिवाय बोलणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि तेवढीच वर्षं परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो. माझ्या वर्गात कॉपी करून सुटलेला विद्यार्थी मला दाखवा. बूट, बाही, पॅडची मागची बाजू, सगळं मी नुसतं चालता चालता ओळखायचो. तेव्हा मी एक दोनशेपानी वही आणली आणि रकाने आखले: वेळ, शिंकांची संख्या, मांजर कुठे होतं. तीन महिने नोंदी ठेवल्या. मग एका रविवारी, चहा घेताना, मी जाहीर केलं की मी आता रीतसर ॲलर्जीचा तज्ज्ञ डॉक्टर शोधणार, चाचणी करून घेणार, आणि चाचणीत मांजर निघालं तर मांजर घरातून जाणार. सासवडजवळ माझ्या पुतण्याची शेती आहे, तिथे उंदीर पुष्कळ आहेत. बायको मांजराच्या पाठीवरून हात फिरवत होती. तेवढं म्हणाली, "बरं."

आता पुण्यात डॉक्टर शोधणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. डॉक्टरांना तोटा नाही. गल्लीत दोन दाताचे, एक गुडघ्याचा आणि एक मुलांचा. पण ॲलर्जीचा म्हटलं की लोक जरा थांबतात, आणि मग भलतंच काहीतरी सांगतात.

मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं, जवळपास चांगला ॲलर्जीतज्ज्ञ कुणाला माहीत आहे का. अर्ध्या तासात चौदा उत्तरं आली. दोघांनी गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव दिलं, कारण स्वभावाने फार चांगले आहेत. एकाने दूध सोडा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने दूध वाढवा. एका तरुणाने "सेम इश्यू काका, प्लीज अपडेट करा" असं लिहिलं. सचिवांनी कळवलं की हा गट फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. आणि खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, म्हणजे शिंका बंद होणार की काय? त्यांचा सूर मला काळजीचा वाटला, पण काळजी दुधाची होती.

सकाळी टेकडीवर आमचा फिरणाऱ्यांचा कंपू आहे. सहाजण, सगळे निवृत्त, सगळ्यांना सगळं माहीत. त्यांच्या सांगण्यावरून मी आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने नाकात नळी घालून सांगितलं की हाड वाकडं आहे, ऑपरेशन करू. जन्मभर पोरांना सरळ रेषा शिकवली आणि स्वतःच्याच नाकात ही तऱ्हा. मी ॲलर्जीचं विचारलं तेव्हा म्हणाला, ते नंतर बघू. मग एका होमिओपॅथकडे गेलो. त्याने मला तासभर प्रश्न विचारले: गोड आवडतं का, वादळाची भीती वाटते का, लहानपणी कुणावर राग होता. मी म्हटलं, आत्ता आहे. मग माझा आतेभाऊ मला कसबा पेठेत, दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर अडकतील अशा बोळातल्या एका वैद्यांकडे घेऊन गेला. त्यांनी मला आडवं करून नाकात तूप सोडलं. घरी येईपर्यंत नाक गुळगुळीत झालं, शिंका मात्र आधीपेक्षा सफाईने यायला लागल्या.

हे सगळं दोन-अडीच महिने चाललं. सकाळी टेकडीवर चर्चा, दुपारी फोन, संध्याकाळी कुणाच्या तरी मेव्हण्याला गाठून त्याच्या भाचीला कुठल्या डॉक्टरचा गुण आला ते विचारणं. मला खरं सांगायचं तर मजा यायला लागली होती. निवृत्तीनंतर इतकं काम मला कधी नव्हतं. घरी यायचो ते जेवायला, आणि जेवतानाही फोन कानाला.

शेवटी डॉक्टर सापडली ती त्या औषधवाल्यामुळे. अकरा वर्षं जो मला गोळ्या देत होता, त्याला मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाला, स्वारगेटजवळ आहेत ना एक बाई, फक्त ॲलर्जीचंच बघतात. मी म्हटलं, अरे, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत कधी?" हे उत्तर ऐकून मला त्याचा रागही आला आणि आपलं माणूस भेटल्यासारखंही वाटलं.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी वेळ घ्यायला स्वतः गेलो, कारण फोन कुणी उचलत नव्हतं. खिडकीत बसलेल्या बाईंनी डोकं वर न करता विचारलं, कशासाठी? शिंका, मी म्हटलं. त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी म्हटलं, अहो, तोपर्यंत मी काय करू? तेव्हा त्यांनी डोकं वर केलं. "शिंका. आणि मध्येच थांबल्या तर फोन करून कळवा, दुसऱ्याचा नंबर लागेल." ज्या दवाखान्यात असं बोलतात तिथला डॉक्टर उत्तम असतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. मी समाधानाने जिना उतरलो.

तीन आठवड्यांनी बायकोला घेऊन गेलो. डॉक्टर तिशी-पस्तिशीची, नागपूरकडची. तिचं मराठी ऐकून माझ्यातला मास्तर दोनदा जागा झाला, पण मी त्याला दटावून बसवलं. मी वही पुढे ठेवली. तिने खरोखरच पानं उलटून पाहिली, याचं मला कौतुक वाटलं. मग म्हणाली, काका, मांजर सोफ्यावर असताना चौदा शिंका, आणि मांजर बाहेर गेलेलं असताना सोळा? मी म्हटलं, जाताना केस ठेवून जातं. ती बरं म्हणाली आणि वही मिटली.

मग तिने चाचणी समजावून सांगितली. हातावर वेगवेगळ्या पदार्थांचे थेंब टाकायचे: धूळ, गाजर गवत, बुरशी, झुरळ, मांजर, कुत्रा. प्रत्येक थेंबावर सुईने नुसतं टोचायचं, आणि वीस मिनिटांनी बघायचं कुठे गांध उठते ते. अट एकच. आधीचे सात दिवस ती पांढरी गोळी घ्यायची नाही. मी म्हटलं, एकतीस वर्षं शिस्त लावली लोकांना, सात दिवस काय मोठं. बायको तोपर्यंत गप्प बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला: आणि चुकून गोळी पोटात गेली तर? डॉक्टर म्हणाली, मग काहीच उठणार नाही, चाचणी वाया. बायकोने मान हलवली. मला वाटलं, बघा, बोलत नसली तरी काळजी आहे.

दुसऱ्या दिवसापासून बायकोने मला सकाळी काढा द्यायला सुरुवात केली. तुळस, आलं, गवती चहा, ज्येष्ठमध. एरवी मी काढा मागितला तर "स्वयंपाकघर कुठे आहे माहीत आहे ना?" असं उत्तर मिळतं. आता मी न मागता पेला हातात. कडू लागायचा, पण मी म्हटलं, औषध आहे, कडूच असणार. पहिल्या दिवशी एकोणीस शिंका आल्या, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी तीन. गोळी बंद, आणि शिंका कमी! मला माझाच अभिमान वाटायला लागला. मनुष्याने ठरवलं तर काय होऊ शकत नाही. मी टेकडीवर सगळ्यांना ऐकवलं, गटावर संकल्पशक्तीवर मोठा मजकूर टाकला, आणि सचिवांनी पुन्हा एकदा कळवलं की हा गट सोसायटीच्या कामासाठी आहे. दुपारी मला अशी काही गाढ झोप लागायची की काय सांगू. मला वाटलं, मनःशांती.

आणि हा मनुष्य मुलांच्या पॅडची मागची बाजू ओळखायचा.

चाचणीच्या दिवशी डॉक्टरने माझ्या हातावर पेनाने आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याशी थेंब सोडला. मी विचारून घेतलं, मांजर कितव्या नंबरला आहे. अकरा. बाहेर बाकावर वीस मिनिटं बसलो तेव्हा मी अकरा नंबरवरची नजर हलवली नाही. शेजारी बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, पुतण्याला फोन करून ठेवला आहे, शनिवारी त्याची गाडी येते आहे.

हातावर काहीही उठलं नाही. धूळ नाही, गवत नाही, झुरळ नाही, अकरा नंबर तर कोरा. मी आत गेलो ते चिडूनच, बायको मागोमाग. डॉक्टरने माझा हात दिव्याखाली धरला आणि एक नंबरच्या जागी बोट ठेवलं. म्हणाली, काका, हा थेंब ॲलर्जीचा नाही. हा सगळ्यांना उठतो. मला टोचला तर मला उठेल, काकूंना टोचला तर काकूंना. तुम्हाला नाही उठला. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "तुम्ही गोळी घेऊन राहिले ना काका?"

माझा पारा चढला. मी उभा राहिलो. मी तिला सांगितलं की मी एकतीस वर्षं परीक्षांवर पहारा केला आहे, शेकडो पोरांच्या कॉप्या पकडल्या आहेत, आणि आज या वयात माझ्यावर कुणी कॉपीचा आळ घेईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घशाला कोरड पडेपर्यंत बोललो. ती काही रागावली नाही. तिने फक्त विचारलं, घरचं काही वेगळं खाण्यापिण्यात? मी म्हटलं, काही नाही, एक काढा. करतं कोण? आणि मग आम्ही दोघांनी एकदमच बायकोकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"मी घालत होते," ती म्हणाली. "रोज एक. कुटून."

मी खाली बसलो. माझ्या परीक्षा केंद्रावर, माझ्या नाकाखाली, सात दिवस रोज सकाळी कॉपी झाली होती, आणि ती मी प्यायलो होतो.

डॉक्टर हसली. म्हणाली, काकूंना तुमचं शिंकणं बघवलं नसेल. हे ऐकल्यावर, खोटं कशाला सांगू, माझा राग विरघळला. मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई कधी प्रेमाचा शब्द बोलली नाही, आणि इकडे खलबत्त्यात गोळ्या कुटत होती. मी अगदी मायेने म्हणालो, अगं, मला सांगायचंस तरी.

"तुमच्यासाठी नव्हतं ते," ती म्हणाली. "मांजरासाठी होतं."

मग ती डॉक्टरकडे वळली, माझ्याकडे नाही. जे बोलली ते अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. म्हणाली, "हे सगळ्या पुण्याशी बोलतात. टेकडीवर बोलतात, जिन्यात बोलतात, अडीच महिने फोनवर डॉक्टर शोधतायत. घरात दिवसभर माझ्याशी बोलायला तेवढंच आहे हो. ते गेलं तर मी कुणाशी बोलू?"

तीन महिने मी मांजर कुठे बसलंय याची नोंद ठेवली होती, मिनिटामिनिटाची. त्या वेळी बायको कुठे होती, काय करत होती, विचारलं असतं तर एकाही ओळीचं मला सांगता आलं नसतं. लाज वाटली मला, चांगलीच वाटली.

डॉक्टर म्हणाली, पुन्हा सात दिवस थांबू, पुन्हा लावू. मी म्हटलं, लावा, पण मांजर सोडून बाकी सगळं लावा. ती म्हणाली, काका, तुम्ही तर मांजरासाठीच आला होता. मी म्हटलं, हो, पण आता मला कळून घ्यायचं नाही. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण खिडकीतल्या बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. बायकोने पर्सची चेन सोडली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मुलीच्या लग्नानंतर तिने असं नीट बघितल्याचं मला आठवत नव्हतं, किंवा बघितलं असेल तर मी फोनवर असेन.

डॉक्टरने हे सगळं ऐकून घेतलं आणि वैतागलेल्या माणसाच्या सुरात म्हणाली, पण मांजर निघालं तर घालवायचं, हे तुम्हाला सांगितलं कोणी? झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका, नाकात फवारा घ्या, नाहीच भागलं तर पुढची औषधं आहेत. मी आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं. तो नियम माझा होता, मीच केला होता, आणि त्याला चहाच्या वेळी एका "बरं"ने मंजुरी मिळाली असं धरून चाललो होतो.

पुढे खरी चाचणी झाली, अकरा नंबरसकट. गाजर गवत निघालं, धूळ निघाली, आणि मांजरही निघालं, म्हणजे माझं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच होतं. फवारा चालू आहे. मांजर सोफ्यावर आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी गजराचं घड्याळ घेतलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही स्वारगेटहून रिक्षा केली आणि मी पुतण्याला कळवून टाकलं की शनिवारची गाडी नको. मग फोन खिशात ठेवला. आता बायकोशी बोलायचं असं मी ठरवलं, आणि माझ्या लक्षात आलं की कुठून सुरुवात करायची तेच मला माहीत नाही. मला फक्त डॉक्टरांबद्दल बोलता येत होतं. एक सिग्नल गेला, दुसरा गेला. शेवटी मी विचारलं, तुझ्या बाईसाहेब दिवसभर करतात तरी काय?

तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग सांगायला लागली. सकाळी मी टेकडीवर गेलो की मांजर माझ्या चपलांच्या जागी जाऊन बसतं. अकराला बाल्कनीत कावळा येतो, त्याच्याशी त्याचं भांडण आहे. मुलीचा फोन आला की ते जवळ येऊन बसतं, आणि मुलगी रडली त्या दिवशी तर उठलंच नाही. मी म्हटलं, मुलगी रडली? कधी? ती म्हणाली, जूनमध्ये, तिची नोकरी गेली तेव्हा. आता लागली दुसरी, काळजीचं काही नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, तू मला सांगितलं नाहीस.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "जेवताना. तुम्ही हो म्हणालात."

रिक्षा कर्वे रस्त्याला लागली होती आणि पुढे सगळं तुंबलेलं होतं. एरवी मी रिक्षावाल्याला रस्ता शिकवायला घेतला असता. मी बायकोकडे वळून बसलो आणि म्हटलं, "परत सांग."